एकशे दोनची बजावणी

आप्पा कुणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. दारापासून एक पाऊल डावीकडे उभे राहायचे, चपला काढायच्या, टोपी सरळ करायची आणि घरमालकाला तिन्ही नावांनी हाक मारायची. नाव, बापाचं नाव, आडनाव. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर हाक मारली तर तळमजल्यावरचं कुत्रं उठून उभं राहायचं. दार उघडलं की म्हणायचे, "कागद आणलाय. वाचून घ्या, सही करा. घाई न्हाई."

"आप्पा, साधी बेल वाजवा की. ही काय कोर्टकचेरी आहे का?" मी एकदा वैतागून म्हणाले.

"बेल कुणासाठीबी वाजती, बाई. नाव घेतलं की माणसाला कळतं, आपल्यालाच बोलवत्यात."

मी पंधरा वर्षं वर्गात हजेरी घेते आहे, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं.

कोर्टकचेरीचं मी उगाच म्हटलं नव्हतं. आप्पांची सगळी नोकरी दौंडच्या कोर्टात गेलेली. बेलिफ होते. म्हणजे कोर्टाचं समन्स, नोटीस, जप्तीचा हुकूम घेऊन गावोगाव फिरायचं, ज्याच्या नावाचा असेल त्याच्या हातात द्यायचा आणि सही घेऊन परत यायचं. या देण्याला ते बजावणी म्हणायचे. सायकलवर, एसटीनं, उसाच्या ट्रॅक्टरवर बसून, नदीला पाणी असलं तर होडीतून त्यांनी आयुष्यभर कागद बजावले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ती सवय काही सुटली नव्हती, आणि आमच्या सोसायटीचं भाग्य असं की आम्हाला नेमक्या त्याच सवयीची गरज पडली.

आमची सोसायटी कोरेगाव भीमाच्या पुढे, हायवेपासून आत आहे. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला गोडाऊन. चाळीस फ्लॅट. निम्मे आमच्यासारख्या नोकरदारांचे, माझे मिस्टर इथल्याच एका कंपनीत शिफ्टला जातात आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. उरलेल्यांत कुणी जमीन विकून आलेल्या पैशातून पोरांच्या नावानं घेऊन ठेवलेले, कुणी पुण्यात बसून भाड्यानं दिलेले. आणि सोसायटीची सेक्रेटरी मी. कशी झाले ते विचारू नका. वार्षिक सभेला अकरा माणसं होती. मी चहा सांगायला बाहेर गेले आणि परत आले तर टाळ्या वाजत होत्या.

सेक्रेटरी झाल्यावर कळलं की चाळीसातले सतरा जण मेंटेनन्सच भरत नाहीत. लिफ्ट पाच महिने बंद. पाण्याची मोटर जळाली तर दुरुस्तीला पैसे नाहीत. जिन्यातला दिवा कुणीतरी आपल्या घरातून वायर ओढून लावलेला. मी ग्रुपवर सूचना टाकायची, तिला नमस्काराचे हात यायचे, अंगठे यायचे, एकदा तर वाढदिवसाचा केक आला. पैसे सोडून सगळं यायचं. तुमच्याही सोसायटीत याहून काही वेगळं चालत असेल असं मला वाटत नाही.

अशात एके दिवशी पहिल्या मजल्यावरच्या एकशे दोनमधले म्हातारे गृहस्थ माझ्या दाराशी आले आणि मला तिन्ही नावांनी हाक मारली. मी पोळी तव्यावर टाकून धावत आले. मला वाटलं पोलीसच आले.

"सेक्रेटरीबाई, ती थकलेल्यांची यादी मला द्या. आन् कोरे कागद द्या. मोबाईलवर हात जोडून पैसे येत नसत्यात. कागद पोचला पायजे. कागद पोचला की माणूस येतो."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे. त्यांचा विश्वासच होता तसा. माणूस रागानं येईल, भिऊन येईल, वकील घेऊन येईल, पण ज्याच्या हातात नावाचा कागद पडला तो घरी बसू शकत नाही.

आणि खरंच माणसं यायला लागली.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर कासुर्डीला गेले होते. तिथल्या एका बागायतदारानं आमच्याकडे दोन फ्लॅट घेऊन ठेवलेले आणि दीड वर्षात एक रुपया नाही. माझ्या स्कूटीवर मागे बसून, फाईल छातीशी धरून आप्पा आले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला "हळू बाई" म्हणत होते. घरी पोचलो तर मालकीणबाई ओट्यावर आल्या. "मालक गावाला गेल्यात. कवा येत्याल सांगता यायचं न्हाई."

"असू द्या," आप्पा म्हणाले आणि चक्क ओट्यावर बसले. पाणी मागितलं. कांद्याच्या भावावर बोलले, पाटाला पाणी कधी सुटणार ते विचारलं, त्यांच्या मोठ्या मुलीचं सासर कोणतं ते काढलं. फ्लॅटचा विषय नाही. तासभर झाला तशी मी चुळबुळायला लागले. आप्पा मात्र निवांत. शेवटी धारांची वेळ झाली, गोठ्यातली गाय हंबरायला लागली आणि कडब्याच्या गंजीमागून मालक बाहेर आले. डोक्यात काड्या, तोंडावर ओशाळं हसू.

"आधी धार काढून घ्या," आप्पा म्हणाले. "कागद कुठं पळून जातोय?"

येताना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "गाय एकसारखी गंजीकडं बघत हुती की. आपण शिकल्याली माणसं बाईच्या तोंडाकडं बघतो."

आठवड्याच्या आत दोन्ही फ्लॅटचे पैसे आले, वर दोन किलो खवाही आला. खवा आप्पांनी सगळ्या मजल्यांवर वाटला.

त्यांचे नियमही होते. जेवत्या माणसाला कागद द्यायचा नाही. लग्नघरी नाही, मयत झालेल्या घरी नाही. मालकाच्या बायकोच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही, "त्या माउलीला रातभर झोप लागत न्हाई आन् नवरा घोरत पडतो." आणि दाराला कुलूप असलं तर दोन पंचांसमोर कागद दारावर चिकटवायचा आणि पंचनामा करायचा. पंच म्हणजे मी आणि वॉचमन. असा पंचनामा मी जन्मात वाचला नव्हता. ‘दार पूर्वाभिमुख. रंग तपकिरी, खालच्या अंगाला उडालेला. कुलूप गंजलेले. कडीला मागील दिवाळीचे तोरण सुकलेल्या स्थितीत. तीन वेळा हाक मारली असता आतून पाल चुकचुकली, दुसरा आवाज नाही.’

"आप्पा, पाल कशाला? सहकार खात्याचे निबंधक हसतील ना."

"आवाज आला का न्हाई? मंग लिवायला नको? कागदात खरं असावं, बाई. थोडं असलं तरी चालंल."

दिवसातून दोन वेळा ते सगळे मजले हिंडून यायचे. थकबाकी असलेल्यांच्याच दाराशी थांबायचे असं नाही. एखाद्या दारातून फोडणीचा वास आला की म्हणायचे, "आज मेथी का?" बिहारकडची पोरं राहायची त्या फ्लॅटशी त्यांचं एक मोडकंतोडकं हिंदी चालायचं. "क्या रे, ड्युटी हो गया? रोटी खाया?" माणसांनी भरलेल्या दारांसमोर रेंगाळायची त्यांना इतकी हौस का, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटायचं, म्हातारा उत्साही आहे.

मग एकदा सहीसाठी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यात एक खुर्ची, एक लोखंडी कॉट, एक पेटी. स्वयंपाकघरात एक ताट, एक तांब्या, मेसचा डबा पालथा घातलेला. भिंतीला खिळेसुद्धा नव्हते. मी खुर्चीवर बसले तर ते उभे राहिले, कारण दुसरी नव्हती. त्या घरात आमचं बोलणं घुमत होतं.

फ्लॅट मुलाचा. मुलगा चिंचवडला, मोठ्या कंपनीत. यायचं म्हटलं तर दीड तासाचा रस्ता.

"येतो का?"

"वास्तुशांतीला आल्ता की. पूजेला बसला." मग जरा थांबून म्हणाले, "कामात असतो."

वास्तुशांत होऊन पाच वर्षं झाली होती.

त्यांच्या घरचं सगळं मला कळलं ते पुढे एकदा शिरूरच्या एसटी स्टँडवर, गाडीची वाट बघताना. मी काही विचारलंही नव्हतं. आप्पा समोर बघत सांगायला लागले. बायको दौंडच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी चिंतेचं आहे असं सांगितलेलं. त्याच दिवशी यांच्या हातात जप्तीचा हुकूम पडला, आजच्या आज बजवायचा. दुसरा माणूस देता आला असता, साहेबांना सांगायला हवं होतं. यांनी सांगितलं नाही. "म्हणलं, दोन तासाचं काम हाय. जाऊन येतो." ते चारला परत आले. ती दोनला गेली होती. मुलगा नुकता नोकरीला लागलेला, तो एकटाच व्हरांड्यात बसलेला.

"त्यानं मला एवढंच इचारलं, ‘आप्पा, बजावणी झाली?’ मी म्हणलं, झाली. त्या दिवसापासनं भांडण न्हाई, तंटा न्हाई. घर घिऊन दिलं. मेसचे पैसे भरतो, लाइट बिल भरतो. पोरात खोट न्हाई, बाई. येत न्हाई, एवढंच."

मी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

सव्वा वर्षात सतरा थकबाकीदारांतले तेरा भरून मोकळे झाले. लिफ्ट सुरू झाली. राहिलेल्या चार जणांना तीन-तीन नोटिसा झाल्या होत्या, तेव्हा आता तालुक्याच्या निबंधकांकडे जायचं ठरलं. तिथे सोसायटीनं अर्ज केला की सुनावणी लागते, फ्लॅटच्या मालकाला बोलावणं जातं, आणि मग वसुलीचा दाखला मिळतो. दाखला मिळाला की जप्तीसुद्धा आणता येते. अर्जासोबतची यादी आप्पांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून आणली. मी वाचली. चार नावं, आणि खाली पाचवं. फ्लॅट क्रमांक एकशे दोन, थकबाकी चौदा महिने.

"आप्पा, हे काय?"

"आकडा चुकलाय का?"

"आकडा नाही हो. हा तुमचा फ्लॅट आहे."

"माझा न्हाई. मालक तो हाय. मी निस्ता राहतो." मग शांतपणे म्हणाले, "पेन्शनीतनं भरीत हुतो मी. चौदा महिने झालं बंद केलंय. तिन्ही नोटिसा काढल्यात त्याच्या नावानं, तुमच्याच सह्या हायत. बघा फाईलला."

खरंच होत्या. पुढ्यात येईल त्या कागदावर मी सही करत होते, कारण कागद आप्पांचा असला की वाचायची गरज नाही असं मी ठरवून टाकलं होतं. शाळेत पोरांना न वाचता सही करू नये असं शिकवणारी बाई मी.

मला वाटलं, पेन्शन पुरत नसेल. मी हप्ते करून देते म्हणाले. माझ्याकडून भरते म्हणाले. आप्पा हसले. "पैसे हायत. भरायचे न्हाईत." मग मला वाटलं, सभेत कुणी बोट दाखवू नये म्हणून चालवलेला हा हट्ट असेल. दुसऱ्यांच्या दारावर कागद लावणाऱ्याचं स्वतःचंच थकलेलं, अशी कुजबूज जिन्यात सुरू झाली होतीच. मी चिडले. म्हातारपणी माणसं हटवादी होतात म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

सुनावणीची तारीख लागली. आता मालकाला त्याच्या राहत्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं नोटीस जायची होती आणि एक प्रत फ्लॅटच्या दारावर लागायची होती. एका संध्याकाळी आप्पांनी मला आणि वॉचमनला पहिल्या मजल्यावर बोलावलं.

धुतलेला सदरा, टोपी. त्यांनी स्वतःचं दार बाहेरून ओढून घेतलं. एक पाऊल डावीकडे उभे राहिले, चपला काढल्या. आणि मुलाच्या तिन्ही नावांनी हाक मारली. मधलं नाव अर्थातच त्यांचं स्वतःचं होतं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक हाकेनंतर ते नेहमीप्रमाणे थांबले, आतून कुणी येतंय का ते ऐकायला. वॉचमन माझ्याकडे बघायला लागला आणि मी जिन्याच्या कठड्याकडे.

मग डिंक लावला, कागद चिकटवला, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले. पंचनामा लिहून माझ्या हातात दिला.

‘दार पश्चिमाभिमुख. कुलूप नाही. तीन वेळा हाक मारली असता मालक हजर झाले नाहीत. आत एक वृद्ध इसम राहतो, तो मालकाची वाट पाहत असल्याचे दिसते.’

मी सही केली. या वेळी वाचून केली, तरीही मला उमजलं नाही. खरं सांगते, नाही उमजलं. मला वाटलं, पाल चुकचुकल्यासारखंच हे आणखी एक.

आठ दिवसांनी पोस्टाची पोचपावती परत आली. तीवर मुलाची सही होती. आप्पा ते कार्ड खिडकीच्या उजेडात घेऊन किती तरी वेळ उभे होते. "हात बदललाय त्याचा," म्हणाले. "आधी सहीखाली रेघ मारायचा." कार्ड फाईलला लावायचं होतं म्हणून त्यांनी बाजारात जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणली. ती घडी करून खिशात ठेवली.

आता मी काय केलं ते सांगते. मला आप्पांची लाज वाचवायची होती. शिरूरच्या कचेरीत, चार परक्या माणसांसमोर, बाप आणि मुलगा थकबाकीसाठी उभे राहणार, हे मला बघवलं नसतं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये मुलाचा नंबर होता. मी त्याला मेसेज केला. अगदी गोड भाषेत. ‘आपली व्याजासह रक्कम इतकी आहे. सुनावणीपूर्वी भरल्यास प्रकरण निकाली निघेल, आपल्याला येण्याची तसदी पडणार नाही.’ खाली सोसायटीच्या खात्याचा क्यूआर कोड. शाळेतून निघता निघता पाठवला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

‘ओके मॅडम. थँक्स,’ असं उत्तर आलं.

सुनावणीच्या दोन दिवस आधी आप्पांनी माझ्या दारासमोर हाक मारली. हातात पिशवी होती. मंडईतून आले होते, वांगी वर दिसत होती.

"बाई, एक ताट मिळंल का? आन् दोन वाट्या. माझ्याकडं एकच हाय."

"देते की. कुणी येणार आहे?"

"सुनावणी अकराची. साडेबारापोतूर मोकळं व्हईल. त्याच्याकडं गाडी हाय, शिरूरवरनं इथं यायला तास. दीडला जेवायला बसंल." बोटं मोजत सांगत होते. "भरली वांगी त्याची आई करायची. मला तशी न्हाई जमायची, पन खाईल. खुर्ची एक सांगितलीय फर्निचरवाल्याला. भाड्यानं देतो म्हणला."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. चौदा महिने. तीन नोटिसा, अर्ज, दारावरचा कागद, पोस्टाचं कार्ड. सगळं एका जेवणासाठी. फोन करून ये म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, तो हक्क आपण गमावला असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून त्यांनी त्याला बोलवायचं काम सरकारवर सोपवलं होतं.

ते गेल्यावर मी मुलाला फोन लावला. तीन वेळा वाजून बंद झाला. मग मेसेज केला, ‘कृपया पैसे भरू नका. सुनावणीला प्रत्यक्ष या. आप्पा तुमची वाट बघताहेत.’ पाठवलेल्या मेसेजपुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. आप्पांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. येईलही, असं मी स्वतःला समजावलं. निळ्या खुणांचा अर्थ आपल्याला हवा तसा लावता येतो.

सुनावणीच्या दिवशी आप्पा पहाटे उठून वांगी करून, झाकून ठेवून आले होते. आठच्या एसटीनं आम्ही शिरूरला गेलो. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं, त्यावर कापसाचा बोळा. कचेरीच्या व्हरांड्यात एक बाक होता, तिथे बसलो. थकबाकीदार एकेक करून येऊ लागले. एक पुण्याहून गाडी घेऊन, एक वकील घेऊन. आलेला प्रत्येक जण आप्पांना हात जोडत होता. आप्पांचं लक्ष फाटकाकडे. गाडीचं दार वाजलं की त्यांची मान वर व्हायची.

"त्याला पार्किंगला जागा मिळंल न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

अकराला दहा कमी असताना माझ्या हातातला मोबाईल थरथरला. सोसायटीच्या खात्यात रक्कम जमा. व्याजासकट, रुपयाचाही फरक नाही. खाली शेरा होता, एकशे दोन पूर्ण.

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. दहा मिनिटं मी त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून होते आणि गप्प होते. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात लबाड दहा मिनिटांत मी ती धरते.

आत पहिली चार प्रकरणं झाली. मग क्लार्कनं एकशे दोन पुकारलं. आप्पा उभे राहिले. पुन्हा फाटकाकडे बघितलं. मी म्हणाले, "साहेब, यांचे पैसे आले आहेत. आत्ताच. पूर्ण."

"मंग झालं की, मॅडम. निकाली काढू." क्लार्कनं लिहायला पेन उचललं. "असे सगळे भरत गेले तर काय पाहिजे."

आप्पा माझ्याकडे वळले. "समदे?"

"हो."

"याजासकट?"

"हो, आप्पा."

त्यांनी मान हलवली. "हिशोबाला चोख हाय. ल्हानपणापासनं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर, शपथेवर सांगते, क्षणभर बापाचा अभिमान होता. मग तो गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. ते टेबलाजवळ गेले. "साहेब, आजच्या कामकाजात तेवढं लिवा. मालक गैरहजर."

"कशाला आजोबा? भरलेत ना त्यांनी. आता हजर-गैरहजरचा काय संबंध?"

"पैसे भरल्याचंबी लिवा. पन गैरहजर लिवा. आला न्हाई तर तसं दिसाया नको का?"

क्लार्कनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, लिहा. त्यानं लिहिलं.

परतीची एसटी लगेच मिळाली. दीड वाजता आप्पांच्या घरी पोचलो. मी वर माझ्या घरी निघाले, तर म्हणाले, "जेवून जावा, बाई. दोघांचं केलंय."

भाड्याची खुर्ची आलेली होती. तीवर त्यांनी मला बसवलं. माझंच ताट माझ्यासमोर ठेवलं, वांगी वाढली, भाकरी मोडून दिली. आपण समोर बसले. मी सगळं सांगून टाकलं. मेसेज मीच केला, क्यूआर कोड मीच पाठवला, येण्याची तसदी पडणार नाही हे शब्द माझे. मी मध्ये पडले नसते तर तो आला असता. बोलता बोलता मला रडू यायला लागलं. ते ऐकत होते, भाकरीचा तुकडा हातात धरून.

ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्या वाटीत आणखी रस्सा घातला.

"तुमचं काय चुकलं, बाई? यायचं असतं तर पैसे भरूनबी आला असता."

मी ताटातलं सगळं संपवलं. त्यांनी दुसरं वांगं वाढलं, तेही खाल्लं. तिखट जास्त झालं होतं. ते मात्र भाकरीचा तो तुकडा हातात धरून बसले होते आणि मी जेवतेय ना, एवढंच बघत होते. मी उठल्यावर त्यांनी दोन्ही ताटं उचलली. त्यांचं तसंच भरलेलं होतं.

दोन महिन्यांनी आप्पा खुटबावला पुतण्याच्या घरी राहायला गेले. पेटी, कॉट आणि फाईल टेंपोत घातली, मला चावी दिली. एकशे दोनला तेव्हापासून कुलूप आहे. मेंटेनन्स दर महिन्याच्या एक तारखेला खात्यावर येतो, आपोआप. एक दिवसही उशीर नाही, म्हणजे त्या पत्त्यावर एखादी साधी नोटीस पाठवावी म्हटलं तरी मला आता कारण सापडत नाही.